टाकायच्या दुधाचा हिशेब

दगडी झालेली म्हैस गोठ्यात लांबूनच ओळखू येते. मागचे पाय फाकून उभी राहते, कासेला हात लावू देत नाही, रेडकू ढुसण्या द्यायला लागलं की लाथ झाडते. धारेला बसावं तर सडातून दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि गुठळ्या. कास तापलेली, दोन दिवसांत दाबली जाणार नाही इतकी घट्ट. करवीर, कागल, राधानगरी अशा तालुक्यांत पेनिसिलिन पोचण्याआधी या दुखण्यावर उपाय म्हणजे हळद-चुन्याचा लेप, गरम पाण्याचा शेक, आणि काहीच चालेना झालं की तापल्या लोखंडाचा डाग. म्हैस वाचायची, पण सड जायचा. तीन सडांची म्हैस वडगावच्या बाजारात उभी केली की गिऱ्हाईक आधी खाली वाकून बघायचं आणि मगच किंमत पाडायला सुरुवात करायचं.

सरकारला या दुखण्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. इंग्रजी अमदानीतलं पशुवैद्यक उभं राहिलं ते घोडा, बैल आणि साथ या तीन गोष्टींभोवती. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. पुण्यात १८८९ मध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली, चार वर्षांत ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि पुढे तिच्यातूनच इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था वाढली. या मंडळींचा शत्रू होता बुळकांडी. त्याच्या पाठोपाठ घटसर्प, फऱ्या, फाशी. एका पावसाळ्यात गावची दावण रिकामी करणारे हे रोग. त्यांच्यावर लशी झाल्या, रक्तजल झालं, गावोगाव टोचणी झाली. दगडीनं म्हैस सहसा मरत नाही, नुसती आटते. आटलेल्या म्हशीमुळे महसूल बुडत नव्हता की तोफगाडे थांबत नव्हते. शिवाय धार, ताक, लोणी हा सगळा बायकांचा कारभार, त्यामुळे या नुकसानीची नोंद कुठल्याच दप्तरात गेली नाही. पशुवैद्यकाच्या इतिहासात कास इतक्या उशिरा का येते, याचं मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

कास आली ती पेनिसिलिनबरोबर. १९२८ मध्ये फ्लेमिंगला सापडलेली बुरशी ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी औषधापर्यंत नेली, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ती मोठ्या टाक्यांमध्ये पिकवायला घेतली. सैनिकांसाठी बनलेलं हे औषध युद्ध संपता संपता गोठ्यात शिरलं. त्याला तिथं सोपं सावज मिळालं. स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिए या जंतूचं मुख्य ठाणं म्हणजे कास. जनावराच्या अंगात इतरत्र तो फार काळ तग धरत नाही. एका सडाकडून दुसऱ्या सडाकडे तो धार काढणाऱ्याच्या हातानं जातो. पेनिसिलिन जंतूची बाहेरची भिंत बांधू देत नाही. भिंत नसलेला जंतू फुगून फुटतो. सडाच्या तोंडातून औषधाची नळी आत सोडायची, कास चोळायची, असं दोन-तीन दिवस केलं की इंग्लंड-अमेरिकेतल्या गाई पुन्हा चार सडांनी दूध द्यायला लागल्या. डाग देणाऱ्या लोखंडाच्या तुलनेत हा चमत्कारच होता, आणि त्याला चमत्कार म्हणण्यात काही चूक नाही. पुढे जे जे बिघडलं ते सांगताना ही पहिली बाजू विसरली जाते. औषध नसतं तर कोल्हापूरचा आजचा दूधधंदा या आकाराला पोचलाच नसता.

पहिली तक्रार डॉक्टरांकडून आली नाही, ती आली चीज करणाऱ्यांकडून. १९५० च्या आसपास युरोपातल्या चीज कारखान्यांत दूध आंबेनासं झालं. विरजण घातलं तरी टाकीतलं दूध तसंच राहायचं. शोध घेतल्यावर कळलं की दुधात पेनिसिलिन आहे. विरजणातले उपयोगी जंतू कासेतल्या वाईट जंतूंच्या वाटेनं गेले. त्यानंतर १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दुधातल्या पेनिसिलिनमुळे माणसाच्या कातडीवर उठलेल्या दाहाची नोंद छापून आली. औषध जनावराला दिलं तरी ते जनावरापाशीच थांबत नाही, हे अशा रीतीनं आधी आतबट्ट्याच्या व्यवहारातून आणि मग रोग्याच्या अंगावरून कळलं.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं सरकारी पेनिसिलिन कारखान्याची उभारणी झाली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं. माणसांच्या औषधासाठी उभ्या राहिलेल्या या कारखान्याचं नाव कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला पुढं भलत्याच वाटेनं माहीत झालं. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनची त्यांची ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ ही पुडी डाळिंबाच्या तेल्यावर आणि भाजीपाल्याच्या करप्यावर फवारली जाऊ लागली. क्षयाच्या रोग्याला वाचवणारं औषध फवारणीच्या पंपात! औषधानं आपली पायरी सोडण्याचा प्रकार गोठ्यापुरता नव्हता, एवढंच सांगायला हा विषय काढला.

कोल्हापूरच्या दुधाची जुनी रीत मात्र या सगळ्याला अनोळखी होती. शहरात गवळी म्हशी घेऊन यायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायचे. गंगावेशीतला दूधकट्टा आजही याच गोष्टीसाठी ओळखला जातो: पेला पुढं करायचा, फेस बसायच्या आत धारोष्ण दूध प्यायचं. तालमीतल्या पोरांच्या खुराकात बदाम-थंडाईइतकाच या पेल्याचा मान. पंढरपुरी म्हैस या व्यवहाराला जणू घडवलेली, कारण ती गर्दीत बुजत नाही आणि थोडं थोडं करून दिवसातून अनेकदा पान्हा सोडते. या रीतीत दूध एका म्हशीचं असतं आणि पिणाऱ्याला ती म्हैस समोर दिसते. त्यातला धोकाही सरळ आहे. म्हशीला काल सुई टोचली असेल तर आजच्या पेल्यात ते औषध पातळ न होता येणार. आणि मध्ये तपासणारं कोणी नाही. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस येऊ शकतो ही भीती वेगळीच. दूध उकळलं की जंतू मरतात, प्रतिजैविक बहुतांशी तसंच राहतं. ‘तापवून पितो, मग कशाची भीती’ हा दिलासा निम्माच खरा.

१६ मार्च १९६३ रोजी कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, ज्याला सगळा महाराष्ट्र गोकुळ म्हणतो. आनंदराव पाटील-चुयेकर यांनी पुढची अनेक वर्षं तो वाढवला. पाच वर्षांनी तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात वारणेचा दूध संघ निघाला. १९७० मध्ये देशभर दुग्धक्रांतीची योजना, ऑपरेशन फ्लड, सुरू झाली. गावोगाव डेअऱ्या उभ्या राहिल्या. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन रांग, फॅट लावायचं, दहा दिवसांनी बिल, दिवाळीला दूध फरक. उसाचं बिल वर्षातून एकदा आणि तेही कारखान्याच्या मर्जीनं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. पोरांच्या शाळेची फी, दवाखाना, किराणा हे सगळं याच बिलावर चालू लागलं. जिल्ह्यातल्या अल्पभूधारक घरात म्हैस ही बाईच्या हातातली रोकड झाली.

त्याचबरोबर जनावरही बदललं. संकरित होल्स्टिन आणि जर्सी गाई आल्या; हरियाणातून मुऱ्हा, गुजरातेतून मेहसाणा म्हशी कर्ज काढून आणल्या जाऊ लागल्या. जास्त दूध देणारी कास मोठी, लोंबणारी, जमिनीजवळची. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडंच राहतं. तेवढ्यात जनावर शेणात बसलं की जंतूला वाट मोकळी. म्हणून जाणती माणसं धारेनंतर पुढ्यात वैरण टाकतात, म्हणजे म्हैस उभी राहते. अंगठा मुडपून सड ओढायची आपल्याकडची सवयही घातकच. तिनं सड आतून सोलवटतो. हे सगळं संघांच्या माहितीपत्रकांत वर्षानुवर्षं छापून येतं आणि गोठ्यात क्वचित पोचतं. लाखाची म्हैस, अंगावर हप्ता, त्यात दगडी! अशा वेळी घरातला माणूस माहितीपत्रक शोधत नाही. तो डॉक्टरला फोन करतो, डॉक्टर नसेल तर कृत्रिम रेतनाला येणाऱ्या माणसाला, तोही नसेल तर औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार विचारतो, म्हैस किती मोठी आहे? आणि बाटली काढून देतो.

या घडीला जोखमीचं गणित नव्यानं मांडावं लागतं, कारण डेअरीत दूध एका म्हशीचं राहत नाही. पेनिसिलिनची दुधातली मान्य मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे १० हजार लिटरचा टँकर मर्यादेबाहेर जायला ४० मिलिग्रॅम पेनिसिलिन पुरतं. कासेत सोडायच्या औषधात साधारणपणे त्याच्या कित्येक पट माल असतो, आणि त्यातला बराचसा पहिल्या एक-दोन धारांतच बाहेर पडतो. एका घरानं आज सकाळची धार किटलीत घातली की पाचशे घरांचं दूध त्याच्या संगतीनं जातं. उलट बाजूनं पाहिलं तर हेच दूध लाखो लिटरमध्ये मिसळून इतकं पातळ होतं की तपासात दिसतही नाही, आणि नेमक्या याच आशेवर ते किटलीत पडतं.

हे दूध पकडायची युक्ती चीजवाल्यांच्या जुन्या तक्रारीतूनच निघाली. १९७० च्या दशकात डेल्वोटेस्ट नावाची चाचणी आली. उष्णतेत वाढणाऱ्या एका जंतूचे बीजाणू जेलीत बसवलेले असतात. त्यावर दुधाचे थेंब टाकायचे आणि नळी ६४ अंशांवर अडीच-तीन तास ठेवायची. जंतू वाढला तर आम्ल तयार होऊन जांभळा रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला तर दुधात काहीतरी आहे. ज्या घरात दूध विकत नाहीत तिथं ही चाचणी रोज रात्री फुकट होते: विरजण लागलं नाही की म्हातारी माणसं विचारतात, म्हशीला सुई टोचली होती का? फक्त घरच्या विरजणाला थोडंथोडकं औषध कळत नाही.

औषधाची सवय आणि जंतूची सवय एकत्रच वाढल्या. फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं की अपुऱ्या मात्रेनं जंतू मरत नाहीत, ते शिकतात. गोठ्यात अपुरी मात्रा पडायला एक खास कारण असतं, आणि ते अज्ञान नव्हे. दुसऱ्या दिवशी सूज उतरते, दूध पांढरं दिसू लागतं. तिसऱ्या सुईची फी वाचते, शिवाय दूध एक दिवस आधी डेअरीला घालता येतं. दोन्हीकडून पैसे वाचवणारा हा निर्णय दहा दिवसांच्या बिलावर जगणाऱ्या घराला शहाणपणाचा वाटतो. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस मात्र तोवर कासेच्या मांसात दडून बसलेला असतो. महिन्याभरानं तोच सड पुन्हा सुजतो, या खेपेला जास्त भारी औषध लागतं.

पश्चिमेकडे या प्रश्नाला तोंड फुटलं ते कासेपेक्षा खाद्यामुळे. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात चिमूटभर प्रतिजैविक घातलं की ती लवकर वाढतात, हे १९४८ च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आलं आणि वीस वर्षं सगळ्यांनी हात धुऊन घेतले. १९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीनं यावर बोट ठेवलं: माणसाच्या उपचाराला लागणारी औषधं वाढीसाठी वापरू नका. स्वीडननं १९८६ मध्ये बंदी घातली, युरोपीय संघानं २००६ मध्ये. गाय आटवताना चारही सडांत सरसकट प्रतिजैविक भरून ठेवायचं, ही पद्धत १९६० च्या दशकात इंग्लंडच्याच तज्ज्ञांनी दगडीवरचा उत्तम उपाय म्हणून जगाला शिकवली होती. युरोपनं २०२२ मध्ये असा सरसकट प्रतिबंधात्मक वापर बेकायदा ठरवला. आज आपल्याला उपदेश करणाऱ्यांचा स्वतःचा इतिहास इतका ताजा आहे.

भारतात कायदा हळूहळू आला. जानेवारी २०१२ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली: दूध, अंडी, मांस देणाऱ्या जनावरांच्या औषधावर प्रतीक्षाकाळ छापायचा, म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस ते दूध माणसानं घ्यायचं नाही. औषधाचा काळ ठरवलेला नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८. बाटलीवरचा हा मजकूर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत आणि बहुतेकदा इंग्रजीत असतो. ज्या बाईनं उद्या सकाळी धार काढायची आहे तिला तो वाचता यावा, असा विचार कोणी केलेला दिसत नाही.

मग आलं २०१९. त्या वर्षाच्या १९ जुलैला केंद्र सरकारनं खाद्य जनावरांमध्ये कोलिस्टिन वापरायला बंदी केली. अतिदक्षता विभागात बाकीची औषधं थकल्यावर डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास जात होतं. आणि कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे उडी मारतो, हे चीनमधल्या संशोधकांनी २०१५ च्या अखेरीस दाखवून दिलं होतं. बंदीला तीन आठवडेही झाले नव्हते तोच ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला. शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातली जनावरं रस्त्याच्या उंचवट्यांवर आणि छावण्यांत दाटीनं बांधली गेली, चिखलात उभी आणि चिखलातच बसलेली. अशा दिवसांत कास सुजते, खूर कुजतात, घटसर्पाची भीती असते. पुराच्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या डॉक्टरला प्रतिजैविक जपून वापरा असं सांगायला कोणाची जीभ रेटणार नाही, आणि रेटूही नये.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं देशभरच्या दुधाच्या पाहणीचा अहवाल जाहीर केला. ६ हजार ४३२ नमुन्यांपैकी प्रतिजैविक मर्यादेपेक्षा जास्त निघालं ७७ नमुन्यांत, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. वैरणीच्या बुरशीतून येणारं ॲफ्लाटॉक्सिन मात्र ३६८ नमुन्यांत. पाण्याच्या आणि युरियाच्या बातम्यांवर वाढलेल्या वाचकांना हा निकाल फिका वाटला. मला तो फिका वाटत नाही, पण भयंकरही वाटत नाही. मोठ्या संघांचं मिसळलेलं दूध बव्हंशी मर्यादेत बसतं, यात पातळ होण्याचाही वाटा आहे. आणि पिणाऱ्याच्या पेल्यातलं औषध मोजलं म्हणजे गोठ्यात तयार होणारा बळजोर जंतू मोजला असं होत नाही. तो शेणातून, मुतातून, धार काढणाऱ्याच्या हातांतून फिरतो. टँकरच्या चाचणीत तो सापडायचा नाही.

२०२२ मध्ये लम्पीची मोठी साथ आली. रोग विषाणूचा, त्यावर प्रतिजैविकाचा काही उपयोग नाही. गाठी फुटून त्यांत पू झाला तरच ते लागतं. तरी अंगभर गाठी आलेल्या गाईसमोर उभा राहिलेला मालक ‘काहीतरी टोचा’ म्हणतो आणि टोचलं जातं. साथ आटोक्यात आली ती शेळ्यांच्या देवीची लस टोचल्यामुळे. बुळकांडीही अखेर लशीनंच जगातून गेली, २०११ मध्ये. सुईतला हा फरक गोठ्यात उभ्या माणसाला दिसत नाही. दोन्ही सुया सारख्याच.

एप्रिल २०२५ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नवे नियम लागू झाले. दूध, मांस, अंडी यांच्या उत्पादनात मुळीच वापरायची नाहीत अशा प्रतिजैविकांची यादी लांबली, बाकीच्यांच्या मर्यादा कडक झाल्या. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आता दगडीवर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप शिफारस करतं. सुरुवातीच्या, सौम्य दुखण्यात तो चालतो असा त्यांचा अनुभव आहे. ताप चढलेल्या, गुठळ्या पडणाऱ्या कासेवर लेप लावून वाट बघत बसू नये, एवढं मात्र सांगायला हवं. आजीच्या बटव्याचं कौतुक करताना तीन सडांच्या म्हशी विसरून चालणार नाही.

या साऱ्या नियमांत एक रक्कम कुठंच लिहिलेली नाही. आठ लिटर देणारी म्हैस, औषधाचा प्रतीक्षाकाळ चार दिवस, दर पन्नास रुपये धरला तर सोळाशे रुपयांचं दूध गटारात ओतायचं. उपचाराचे दिवस वेगळे, डॉक्टरची फी वेगळी. ते दूध रेडकाला पाजावं, तर त्याच्या पोटातले जंतूही शिकतात. शहरातल्या पिणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी केलेला हा खर्च पूर्णपणे त्या एका घराच्या अंगावर पडतो. डेअरीच्या बिलात लिटर, फॅट, एसएनएफ, दर, पशुखाद्याची कपात, कर्जाची कपात असे रकाने असतात; आजारी म्हशीच्या टाकलेल्या दुधाला रकाना नाही. ज्या संघांनी फॅटचा दशांश मोजून पैसे दिले आणि दिवाळीच्या फरकाची रीत घालून दिली, त्यांना हा रकाना घालणं अवघड नाही: डॉक्टरनं उपचाराची नोंद डेअरीत द्यायची, तेवढे दिवस त्या घराची किटली थांबवायची आणि दुधाचा निम्मा तरी दर द्यायचा. यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, लोक खोटी दगडी दाखवतील. दाखवतीलही. लोक दुधात पाणीही घालत होते. त्यासाठी दूध घेणं कोणी बंद केलं नाही, डेअरीत लॅक्टोमीटर आणला. सुजलेली कास ओळखायला चार वाट्यांचं चाचणीपात्र १९५७ पासून जगाच्या बाजारात आहे. द्रावण ओतायचं, दूध घालून हलवायचं, ते बुळबुळीत घट्ट झालं की दुखणं खरं. किंमतही लॅक्टोमीटरसारखीच, डेअरीला परवडणारी.